मोड कोणती, मोलाचे नाणे कोणते?

संग्राहकांच्या बाजारात नाण्याचे मोल तीन गोष्टी ठरवतात: त्या प्रकारची नाणी आज किती उरली आहेत, हातातले नाणे कोणत्या अवस्थेत आहे आणि ते हवे असणारे लोक किती आहेत. नाण्याचे वय या तिन्हींत येत नाही. देव्हाऱ्यात, आजीच्या बटव्यात किंवा कपाटाच्या तळाशी एखादे नाणे सापडले की पहिला प्रश्न ‘किती जुने?’ असा पडतो. विचारायला हवे ते ‘किती उरली?’ याचे बरेचसे उत्तर नाण्यावरच लिहिलेले असते. साल, टांकसाळीची खूण, धातू, वजन, कड, छाप आणि झीज या क्रमाने नाणे वाचत गेले, तर साधी मोड आणि जपण्याजोगे नाणे यांतला फरक बहुतेक वेळा घरच्या घरी कळतो.

जुने म्हणजे दुर्मीळ नव्हे

याचे उत्तम उदाहरण म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा चांदीचा रुपया. नाणे दीडशे वर्षांहून जुने, चांदी उत्तम, मुखवटा देखणा; तरीही तो दुर्मीळ नाही. हे साल घातलेले रुपये त्या एका वर्षात पाडून थांबले नाहीत. पुढची सुमारे बारा वर्षे टांकसाळी त्याच सालाचे रुपये पाडत राहिल्या. दर वर्षी नवे साल घालण्याची पद्धत या रुपयाच्या बाबतीत १८७४ पासून सुरू झाली. त्याआधीच्या १८४० सालच्या रुपयाचेही तसेच आहे. त्यामुळे हे रुपये फार मोठ्या संख्येने शिल्लक आहेत आणि झिजलेल्या रुपयाला चांदीच्या भावापेक्षा फारसे जास्त मिळत नाही. संग्राहक त्यातही फरक शोधतात. १८६२च्या रुपयाच्या मागच्या बाजूला सालाच्या आसपास असलेले बारीक ठिपके मोजून ते त्याचे प्रकार पाडतात आणि त्यातले काही प्रकार खरोखरच कमी सापडतात.

याच्या उलट गोष्ट १९११च्या रुपयाची. पंचम जॉर्जच्या या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या मानचिन्हाची साखळी आहे आणि तिच्यात एक हत्ती कोरलेला आहे. हत्तीची सोंड इतकी आखूड आली की लोकांना ते डुक्कर वाटले. मुसलमान समाजातून नाराजी उमटली आणि सरकारने नाणे मागे घेतले. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते. त्यांपैकी सात लाखांच्या आसपास लोकांच्या हाती पोहोचले होते, उरलेले वितळवले गेले. १९१२पासूनच्या रुपयावर हत्तीची सोंड आणि कान स्पष्ट दिसतात. संग्राहक आजही १९११च्या रुपयाला ‘डुकराचा रुपया’ म्हणतात. भिंग घेऊन राजाच्या छातीवरचा तो चिमुकला प्राणी पाहिला की १९११ आणि १९१२ या दोन रुपयांतला फरक लगेच कळतो.

तिसरे उदाहरण सहाव्या जॉर्जच्या १९३९च्या रुपयाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांदी महागली आणि १९४०मध्ये सरकारने रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली. अशा वेळी चांगल्या कसाचा रुपया लोक घरात ठेवतात किंवा वितळवतात, आणि हलका रुपया बाजारात फिरतो. १९३९चा रुपया तर आधीच थोडा पाडला गेला होता. आज विसाव्या शतकातल्या चांदीच्या रुपयांत तो सर्वांत दुर्मीळ गणला जातो. १८६२ आणि १९३९ हे दोन रुपये शेजारी ठेवले, तर वयाने धाकटा असलेला रुपया मोलाने कितीतरी पुढे असतो.

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांनाही हाच नियम लागू आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. आता शंभर ‘नये पैसे’ झाले. १९६४मध्ये ‘नया’ हा शब्द गेला. नये पैसे, कमळाचे पितळी रंगाचे वीस पैसे, गेंड्याचे पंचवीस पैसे ही नाणी पाहून मन हळवे होते, पण ती प्रचंड संख्येने पाडली गेली आणि प्रचंड संख्येने घराघरांत पडून आहेत. ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांची एक रुपयाची नाणी, शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे ही स्मारक नाणी संग्रहात असावीत अशीच आहेत. पण चलनात फिरलेले स्मारक नाणे केवळ स्मारक आहे म्हणून दुर्मीळ होत नाही.

साल आणि टांकसाळीची खूण

नाणे हाती घेतल्यावर आधी साल वाचावे आणि लगेच त्याच्या खाली पाहावे. भारत सरकारच्या चार टांकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची पाच टोकांची चांदणी, नोएडाची गोल ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. हैदराबादच्या काही जुन्या नाण्यांवर मधोमध चीर असलेला किंवा पोटात ठिपका असलेला हिरा आढळतो. तो मुंबईच्या हिऱ्यासारखाच वाटतो, म्हणून तिथे भिंगाशिवाय निर्णय करू नये. संग्राहकांसाठी काढलेल्या खास ‘प्रूफ’ नाण्यांवर मुंबई टांकसाळीने पूर्वी ‘बी’ आणि नंतर ‘एम’ हे इंग्रजी अक्षर वापरले आहे.

ब्रिटिश काळातही खुणा होत्या. मुंबईच्या नाण्यांवर ‘बी’ अक्षर, बारीक ठिपका किंवा हिरा असे; १९४३मध्ये सुरू झालेल्या लाहोर टांकसाळीची खूण ‘एल’ अशी होती. देशातल्या टांकसाळी कमी पडल्या तेव्हा काही भारतीय नाणी परदेशांतही पाडून घेतली गेली. १९८५च्या एक रुपयावरचे ‘एच’ हे अक्षर बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे आहे, तर १९९९ आणि २०००च्या काही पाच रुपयांवर मॉस्को टांकसाळीची तीन अक्षरी खूण दिसते. परदेशी खूण दिसली म्हणून नाणे मौल्यवान ठरत नाही. ‘एच’चा रुपया आजही सहज मिळतो.

खुणेचे महत्त्व असे की एकाच सालाचे, एकाच दर्शनी किमतीचे नाणे एका टांकसाळीने भरपूर आणि दुसरीने अगदी थोडे पाडलेले असू शकते. दोन्ही नाणी साध्या नजरेला सारखीच दिसतात. म्हणून जाणता संग्राहक ‘अमुक सालचे पन्नास पैसे’ असे कधी म्हणत नाही. तो साल आणि टांकसाळ यांचा जोडीने उल्लेख करतो. नाण्यांच्या सूचीतही नोंदी याच पद्धतीने केलेल्या असतात.

धातू, वजन आणि कड

पुढची पायरी म्हणजे लोहचुंबक. चांदी, तांबे, पितळ, ॲल्युमिनियम आणि तांबे-निकेलचा मिश्रधातू चुंबकाला चिकटत नाहीत. शुद्ध निकेल चिकटते आणि नाण्यांसाठी वापरले जाणारे पोलादही चिकटते. सहाव्या जॉर्जचा १९४७चा वाघाचा रुपया आणि १९५०चा अशोकस्तंभाचा रुपया शुद्ध निकेलचे आहेत. ते चांदीसारखे दिसतात, पण चुंबकाने उचलले जातात. चांदीचा म्हणून विकला जाणारा व्हिक्टोरिया रुपया चुंबकाला चिकटला, तर पुढे तपासण्याची गरजच नाही.

मग वजन. ब्रिटिश चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असतो. ९१.७ टक्के कसाच्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९४०नंतरच्या निम्म्या कसाच्या रुपयात ५.८३ ग्रॅम. सोनाराच्या किंवा घरगुती छोट्या डिजिटल काट्यावर हे सहज मोजता येते. झिजलेला रुपया एखाद-दोन दशांश ग्रॅमने हलका भरतो. पण साडेदहा ग्रॅमचा रुपया संशयास्पद आहे आणि बारा ग्रॅमचा तर अधिकच.

वजन बरोबर असूनही धातू खोटा असू शकतो. त्यासाठी पाण्याची परीक्षा आहे. काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून आकडा शून्य करावा. रुपयाला बारीक दोरा बांधून तो पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काचेला लागणार नाही, असा पाण्यात धरावा. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला हा आकडा सुमारे १.१३ ग्रॅम येतो, निम्म्या कसाच्या रुपयाला सुमारे १.२२, आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा दिला असेल तर सुमारे १.३ किंवा त्याहून जास्त. धातू जितका हलका, तितके जास्त पाणी बाजूला सरते. काटा शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. या परीक्षेत नाण्यावर ओरखडा उठत नाही. सोनाराच्या कसोटीवर मात्र नाणे घासावे लागते आणि त्याचे मोल घटते.

पूर्वी सराफ रुपया दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकत. चांगल्या चांदीचा रुपया खणखणतो, शिशाचा किंवा आतून तडकलेला बद्द वाजतो. ‘खणखणीत नाणे’ हा वाक्प्रचार या परीक्षेतूनच आला. आज ती करायची तर नाणे बोटाच्या टोकावर तोलून लाकडी काडीने हलकेच टिचकवावे. आपटू नये.

शेवटी कड पाहावी. यंत्रावर पाडलेल्या रुपयाच्या कडेचे दाते सारख्या अंतरावर आणि सारख्या खोलीचे असतात. १९४०च्या दशकातल्या काही रुपयांच्या कडेवर दात्यांच्या मधोमध एक खाचही असते. साच्यात ओतून बनवलेल्या खोट्या नाण्याच्या कडेवर दोन अर्ध्यांची जोडरेषा किंवा ती घासून काढल्याची खूण सापडते.

टंकनातली चूक

टांकसाळीत धातूच्या पट्ट्यातून चकत्या कापल्या जातात, त्यांची कड उंचावली जाते आणि मग दोन ठशांमध्ये दाबून नाणे तयार होते. यांपैकी कोणत्याही पायरीवर चूक होऊ शकते. चुकीचे नाणे तपासणीतून निसटून चलनात आले, तर ते संग्राहकांना हवेसे असते. अशी नाणी आजच्या मोडीतही सापडू शकतात, म्हणून ती ओळखायला शिकणे फायद्याचे आहे.

चकती ठशाच्या मधोमध बसली नाही तर छाप एका बाजूला सरकतो आणि उरलेला भाग कोरा राहतो. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले तर पुढच्या चकतीवर त्याच बाजूची उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. याला ‘ब्रॉकेज’ म्हणतात. पट्टा नीट पुढे सरकला नाही तर नवी चकती आधीच्या भोकावर चढते आणि नाण्याला चंद्रकोरीसारखा चावा दिसतो. खऱ्या चाव्याची एक खूण अशी की त्याच्या बरोबर समोरची कड बसकी आणि अस्पष्ट असते. कानशीने कापलेल्या नाण्यात समोरची कड ठसठशीत राहते. ठसा फिरलेला असेल तर त्याचीही परीक्षा सोपी आहे. आजचे भारतीय नाणे पुस्तकाचे पान उलटावे तसे उलटले की दुसरी बाजूही सरळ उभी दिसते. ती आडवी किंवा उलटी दिसली तर ठसा फिरला होता.

नाणे चलनात आल्यावर झालेली इजा म्हणजे टंकनदोष नव्हे. रुळावर ठेवून चपटे केलेले नाणे, हातोडीने ठोकलेले नाणे, मधला भाग काढून उलटा बसवलेले दहा रुपये यांना काहीही मोल नाही. टांकसाळीतल्या चुकीमागे यंत्राचे कारण असते आणि ते कारण सांगता येते. केलेल्या मोडतोडीत एका बाजूचा छाप चेपल्याच्या खुणा राहतात.

एकावर एक असे दोन छाप दिसले की तीही चूकच असते, असे मात्र नाही. १९०६मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. हरलेल्या राजाच्या नाण्यावर जिंकलेल्या राजाने उमटवलेली ती मोहोर आहे आणि इतिहासाच्या अभ्यासात तिचे मोल फार मोठे ठरले.

झीज आणि चकाकी

एकच साल, एकच टांकसाळ, तरी एका नाण्याला दुसऱ्याच्या कित्येक पट किंमत मिळते, कारण अवस्था. झीज आधी उंच भागांवर होते: राजाच्या मुकुटावरची नक्षी, भुवई, दाढीचे केस, अशोकस्तंभावरच्या सिंहाची आयाळ. तिथले बारीक तपशील शाबूत असतील तर नाणे फारसे हाताळलेले नाही. मुळीच न वापरलेल्या नाण्याला संग्राहक ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये मांडलेल्या एक ते सत्तर या मोजपट्टीवर आज जगभर नाण्यांची प्रतवारी होते.

नाण्यावर काळाने चढलेले राखाडी, तपकिरी किंवा निळसर पुट ही घाण नव्हे. ते त्याच्या अस्सलपणाची खूण असते आणि खालच्या धातूचे रक्षणही करते. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन किंवा पॉलिश लावून चकचकीत केलेल्या नाण्यावर भिंगाखाली हजारो बारीक ओरखडे दिसतात आणि जाणकार ते दुरून ओळखतात. दुर्मीळ नाणे कवडीमोल करण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.

खोटी नाणी

जिथे मोल असते तिथे नक्कल येते. १९३९च्या रुपयाची सर्वांत सोपी नक्कल म्हणजे खरा १९३८चा रुपया घेऊन शेवटचा आठ कोरून नऊ करणे. नाणे खरे, चांदी खरी, वजन खरे; खोटा आहे तो फक्त एक आकडा. दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली त्या आकड्याची जाडी, उंची आणि त्याच्याभोवतीच्या पृष्ठभागाची ठेवण शेजारच्या आकड्यांशी ताडून पाहावी लागते.

ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा मऊ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. शिवरायांच्या सोन्याच्या होनाच्या नकला सर्वत्र आहेत. अस्सल होन अत्यंत दुर्मीळ आहे आणि त्याची खात्री तज्ज्ञाशिवाय होऊच शकत नाही. तांब्याची शिवराई मात्र तुलनेने पुष्कळ मिळते, कारण ती ब्रिटिश अमलातही बराच काळ चालत होती. तिच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. ठसा चकतीहून मोठा असल्याने सगळी अक्षरे एका नाण्यावर क्वचितच मावतात. ज्या शिवराईवर दोन्ही बाजूंची अक्षरे पूर्ण आली आहेत, ती म्हणूनच जास्त मोलाची.

राम-सीता किंवा हनुमान यांच्या चित्रासह ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ अशी साले असलेली नाणी जत्रांत आणि जुन्या बाजारांत सर्रास दिसतात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती नंतरच्या काळात बनवलेली टोकने आहेत.

लाखो रुपयांची आमिषे

वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या २०१२च्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, अशी अफवा वर्षानुवर्षे फिरते आहे. ही नाणी चलनासाठी मोठ्या संख्येने पाडलेली आहेत. अशा जाहिरातींमागची रीत ठरलेली असते: आधी मोठ्या किमतीचे आश्वासन, मग नोंदणी फी, कमिशन किंवा कर म्हणून आगाऊ पैशांची मागणी. आपल्या नावाने चालणाऱ्या अशा व्यवहारांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये लोकांना सावध केले. अशी कोणतीही फी बँक घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही तिने दिलेला नाही. खरा खरेदीदार नाणे पाहतो, तोलतो आणि पैसे देतो. तो विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही.

याच्या उलट अफवाही असतात. दहा रुपयांची अमुक नाणी खोटी, असे म्हणून दुकानदार ती नाकारत असत. २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की तोवर काढलेल्या चौदाही प्रकारांतले दहा रुपयांचे नाणे चलनात ग्राह्य आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११पासून चलनातून गेली.

कायदा आणि जतन

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. चलनी नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे हा २०११च्या नाणे कायद्याखाली गुन्हा आहे.

नाणे नेहमी कडेला धरावे, छापावर बोट ठेवू नये. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून निघणारी रसायने धातूवर हिरवट, चिकट थर आणतात. त्याऐवजी मायलरची किंवा आम्लरहित कागदाची पाकिटे वापरावीत. प्रत्येक पाकिटावर साल, खूण, वजन आणि नाणे कुठून आले याची नोंद करावी. ठेव्यातली नाणी एकत्रच ठेवावीत, कारण ती कशाबरोबर सापडली यावरून अभ्यासकांना काळ आणि व्यापार कळतो.

शंका उरली तर विकण्याआधी अभ्यासकाला दाखवावे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयात प्राचीन नाण्यांपासून आजच्या नाण्यांपर्यंतचे अस्सल नमुने पाहता येतात. अस्सल नाणी डोळे भरून पाहणे हाच खोटी ओळखण्याचा सर्वांत चांगला अभ्यास आहे. शंभरातली नव्व्याण्णव नाणी दर्शनी किमतीचीच निघतील. उरलेले एक हाती येईल तेव्हा ते घासू नये, घाईने विकू नये आणि त्याची नोंद केल्याशिवाय हातचे जाऊ देऊ नये.